माशाच्या कातडीतलं आणि जिलेटिनमधलं कोलॅजेन मास स्पेक्ट्रोमीटरवर कसं ओळखायचं

मुंबईत माशाच्या कातडीला तोटा नाही. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर उतरलेली मासळी शहरभरच्या बाजारांत जाते, फिले काढणाऱ्यांकडे कातडीचे ढीग पडतात, आणि त्या कातडीपासून जिलेटिन काढायचे प्रकल्प एम.एस्सी.ची मुलंमुली मोठ्या उत्साहाने हाती घेतात. जेल छान जमतं, पावडर पांढरीशुभ्र निघते. मग तोंडी परीक्षेत प्रश्न येतो: हे कोलॅजेनच आहे कशावरून? माशाचंच कशावरून? (कोलॅजेन हे कातडीतलं मुख्य प्रथिन, आणि ते उष्णतेने उलगडलं की त्यालाच जिलेटिन म्हणतात.) याचं सगळ्यात भक्कम उत्तर मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, देतो. मात्र त्याला नीट विचारावं लागतं, कारण कोलॅजेन हे प्रथिन इतर प्रथिनांसारखं वागत नाही आणि सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सेटिंगवर ते बरंचसं निसटून जातं.

हा लेख पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. पिपेट धरता येतो, पेप्टाइड म्हणजे काय हे ठाऊक आहे, एवढं मी गृहीत धरतो.

आधी प्रश्न ठरवा

नमुना हातात घेण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: मला नेमकं काय सिद्ध करायचं आहे? इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची मेहनतही वेगवेगळी आहे. नमुन्यात कोलॅजेन आहे का, हा पहिला आणि सोपा. ते माशाचं आहे की गाय, म्हैस, डुक्कर अशा सस्तन प्राण्याचं, हा दुसरा. यालाही नीट काम केलं तर खात्रीचं उत्तर मिळतं. तिसरा प्रश्न, मासा नेमका कुठला? हा खरोखर अवघड आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातच्या कौशल्यापेक्षा डेटाबेसमध्ये त्या माशाच्या कोलॅजेनचा अमिनो आम्लांचा क्रम आहे की नाही यावर जास्त अवलंबून असतं. पुष्कळ जण पहिल्या प्रश्नाचा पुरावा देऊन तिसऱ्याचा निष्कर्ष लिहितात. ते टाळणं हे या कामातलं मुख्य शिस्तीचं काम आहे.

जिलेटिनच्या बाबतीत डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून प्रजाती ओळखणं, का करत नाहीत, असं कोणीही विचारेल. ताज्या माशावर ते उत्तम चालतं. पण जिलेटिन बनताना आम्ल, चुना आणि उष्णता यांनी डीएनएचे तुकडे तुकडे होतात. प्रथिनाची साखळी मात्र तुटली तरी वाचता येईल इतकी शिल्लक राहते. म्हणून पेप्टाइड.

रेणूबद्दल एवढं तरी हवंच

कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची घट्ट वेणी. ही रचना १९५४-५५च्या सुमारास मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. प्रत्येक पेडात दर तिसरा घटक (अमिनो आम्ल) ग्लायसीन असतो: ग्लायसीन-क्ष-य, ग्लायसीन-क्ष-य, असं जवळजवळ हजार घटकांपर्यंत. क्षच्या जागी पुष्कळदा प्रोलीन असतं, आणि यच्या जागी पुष्कळदा हायड्रॉक्सिप्रोलीन. हे हायड्रॉक्सिप्रोलीन जनुकात लिहिलेलं नसतं. साखळी तयार झाल्यावर पेशी प्रोलीनवर एक ऑक्सिजन चढवते, म्हणजे वजनात १५.९९४९ डाल्टनची भर. डेटाबेसमधला क्रम जनुकावरून आलेला असतो, त्यात हा ऑक्सिजन नसतो. पुढे जे काही बिघडतं त्यातलं निम्मं या एका गोष्टीमुळे बिघडतं.

कातडीत मुख्यतः टाइप १ कोलॅजेन असतं. सस्तन प्राण्यांत त्याच्या वेणीत दोन अल्फा-१ आणि एक अल्फा-२ असे पेड असतात. अनेक हाडयुक्त माशांत मात्र अल्फा-१चं जनुक दोन प्रतींत आहे, आणि दुसऱ्या प्रतीपासून अल्फा-३ नावाचा वेगळा पेड बनतो. झेब्राफिशमध्ये या जनुकांची नावं कोल१ए१ए, कोल१ए१बी आणि कोल१ए२ अशी आहेत. अल्फा-३चे पेप्टाइड मिळणं हा माशाच्या बाजूने चांगला पुरावा, म्हणून डेटाबेस करताना ही तिन्ही नावं लक्षात ठेवा.

माशाचं कोलॅजेन सस्तन प्राण्यांच्या कोलॅजेनपेक्षा कमी तापमानाला उलगडतं. थंड समुद्रातल्या माशांचं तर १५ अंशांच्या आसपासच, उष्ण पाण्यातल्यांचं त्याहून बरंच वर. त्यामुळे वेणी शाबूत ठेवून कोलॅजेन काढायचं असेल तर सगळं काम ४ अंशांवर करावं लागतं आणि मुंबईच्या हवेत बर्फ कमी पडू देता येत नाही. नुसती ओळख पटवायची असेल तर ही काळजी लागत नाही. उलट आपल्याला ती वेणी उलगडायचीच असते.

नमुना गोळा करणं

बाजारात सकाळी लवकर जा. मासा अख्खा असताना बघा, त्याचा पट्टी ठेवून फोटो काढा, परांचा आणि शेपटीचा वेगळा फोटो घ्या, मगच कातडी मागा. "मावशी, रावसाची साल वेगळी काढून द्या, पिशवीत डोकं पण ठेवा" असं सांगितलं की कोळीण मावशी विचारतातच, सालीचं काय करणार? खरं सांगा. त्यांना मासा ओळखायचा अनुभव आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि पापलेट की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा मासा, हे त्या नजरेने सांगतात. पण लेखी नोंदीसाठी शास्त्रीय नाव पक्कं करून घ्या. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं मुंबईतलं केंद्र इथल्या जाणकारांना फोटो दाखवता येतात. डोकं किंवा पराचा तुकडा फ्रीझरमध्ये राखून ठेवा, कधी शंका आली तर बारकोडिंग करता येईल.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या काळात बाजारात येणारा मासा बर्फातला किंवा बाहेरगावचा असू शकतो. संदर्भासाठी लागणाऱ्या कातड्या मेपर्यंत जमवून घ्या. मुशी आणि पाकट यांपासून सुरुवात करू नका. त्यांच्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत, आणि कास्थिमाशांचे क्रम हाडयुक्त माशांपेक्षा बरेच दूरचे असल्याने नवख्याचा गोंधळ उडतो.

कातडी बर्फात आणा, थंड पाण्याने धुवा, खवले आणि मांस बोथट सुरीने खरवडून काढा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून वेगवेगळ्या ट्यूबमध्ये उणे २० अंशांवर ठेवा. एकच मोठा गोळा गोठवला तर दर वेळी सगळा वितळवावा लागतो.

जिलेटिन पावडर पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढते. बाटली उघडून लगेच वजन करा. जेली गोळ्या किंवा कॅप्सूल असेल तर पाकिटाचा फोटो, बॅच नंबर आणि शाकाहारी-मांसाहारी खूण नोंदवा. आपल्याकडे मांसाहारी पदार्थांवर तपकिरी त्रिकोण असतो आणि जिलेटिन त्यातच मोडतं. कॅप्सूलची टरफलं सेल्युलोजपासूनही बनतात, त्यांत कोलॅजेन सापडणारच नाही.

सोबत तीन नमुने हवेतच: माहीत असलेला मासा, माहीत असलेलं सस्तन जिलेटिन, आणि ज्यात नमुनाच नाही असं ब्लँक. चौथा म्हणून मी चायना ग्रास घ्यायला सांगतो. ते समुद्रशेवाळापासून बनतं, जेल तसंच बांधतं, पण त्यात कोलॅजेन नाही. तिथे कोलॅजेन दिसलं तर दोष तुमच्या टेबलावर आहे.

कातडीपासून पेप्टाइडपर्यंत

कोलॅजेन शुद्ध करायच्या लांब पद्धती आहेत: अल्कलीत भिजवणं, ब्युटाइल अल्कोहोलने चरबी काढणं, ०.५ मोलर ॲसिटिक आम्लात दोन-तीन दिवस ढवळणं, मिठाने अवक्षेप, डायलिसिस. ओळख पटवण्यापुरतं एवढं लागत नाही. २००९मध्ये मायकेल बकली आणि सहकाऱ्यांनी उत्खननातल्या हाडांचा प्राणी ओळखण्यासाठी जी पद्धत मांडली, झूएमएस या नावाने ती ओळखली जाते, तिचाच सुटसुटीत अवतार इथे पुरतो.

१० ते २० मिलीग्रॅम कातडी बारीक चिरा. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ४ अंशांवर काही तास ठेवा, मधे दोनदा द्रावण बदला. स्नायूंची प्रथिनं, रंगद्रव्य आणि चिकट थर यात निघून जातो. मग शुद्ध पाण्याने धुवत राहा, पीएच पट्टीवर उदासीन येईपर्यंत. हे धुणं उरकून टाकू नका, अल्कली राहिली तर पुढचं एन्झाइम नीट चालणार नाही. खवल्यांवर काम करत असाल तर आधी ईडीटीएने खनिज काढावं लागेल.

आता १०० मायक्रोलिटर ५० मिलीमोलर अमोनियम बायकार्बोनेट घाला आणि ६५ अंशांवर तासभर ठेवा. ही पायरी कधीही वगळू नका. पुढे आपण ट्रिप्सिन वापरणार, म्हणजे लायसीन आणि आर्जिनीननंतर साखळी कापणारं एन्झाइम. शाबूत वेणीला ते जवळजवळ चावत नाही. उष्णतेने वेणी उलगडते, कोलॅजेनचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं ५० मायक्रोलिटर द्रावण नव्या ट्यूबमध्ये घ्या. जिलेटिन पावडर असेल तर याच बफरमध्ये मिलिलिटरला १ मिलीग्रॅम या प्रमाणात ६० अंशांवर विरघळवा, बस.

जेली गोळीत साखर इतकी असते की तिच्यामुळे पुढचं सगळं चिकट होतं. गरम पाण्यात विरघळवून चार पट थंडगार ॲसिटोन घाला, उणे २० अंशांवर ठेवा, खाली बसलेलं प्रथिन घ्या. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून फ्यूम हूडमध्ये.

ट्रिप्सिन प्रोटिओमिक्स दर्जाचं घ्या. एक भाग एन्झाइमला पन्नास भाग प्रथिन, ३७ अंश, रात्रभर. सकाळी ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल घालून थांबवा, आम्लाचं अंतिम प्रमाण सुमारे ०.१ ते १ टक्का. हे आम्ल त्वचा जाळतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. टाइप १च्या वेणीच्या भागात सिस्टीन नसल्यामुळे डायथायोथ्रायटॉल आणि आयोडोॲसिटामाइड या पायऱ्या गाळल्या तरी चालतात. मात्र गाळल्या असतील तर सॉफ्टवेअरमध्ये सिस्टीनवरचा कायमचा बदलही काढून टाका.

शेवटी सी-१८ टिप, म्हणजे पेप्टाइड धरून ठेवणारं आणि मीठ धुऊन जाऊ देणारं पिपेटचं टोक. ५० टक्के ॲसिटोनायट्राइलने भिजवा, ०.१ टक्का आम्लाने स्थिर करा, नमुना आठ-दहा वेळा हळूहळू वर-खाली ओढा, आम्लाने धुवा, पुन्हा ५० टक्के ॲसिटोनायट्राइलने उतरवा. टिप मधेच कोरडी पडू देऊ नका.

पाकिटावर "कोलॅजेन पेप्टाइड" लिहिलेली पावडर असेल तर ती आधीच कुठल्यातरी एन्झाइमने कापलेली असते. ट्रिप्सिन घातलं तरी तुकड्यांची टोकं ट्रिप्सिनच्या नियमात बसत नाहीत. असा नमुना तसाच चालवावा आणि सर्चमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर स्पेक्ट्रम डेटाबेसशी जुळवतं तेव्हा, एन्झाइमची अट सोडावी.

यंत्रावर

दोन रस्ते आहेत. मॅल्डी-टॉफवर नमुना सीएचसीए मॅट्रिक्समध्ये मिसळून थेंब वाळवायचा आणि ८०० ते ४००० एम/झेडमध्ये (वस्तुमान भागिले विद्युतभार) पेप्टाइडांचा ठसा घ्यायचा. झटपट आणि स्वस्त. ओळखीचं जिलेटिन गाईचं की डुकराचं, इतपत प्रश्नाला हे पुष्कळदा पुरतं. दुसरा रस्ता एलसी-एमएस/एमएस, ऑर्बिट्रॅप किंवा क्यू-टॉफवर. यात एकेक पेप्टाइड वेगळा होतो, फुटतो आणि त्याचा क्रम वाचता येतो. माशांसाठी मी दुसराच सुचवतो, कारण माशांचे ठसे प्रमाणित करायचं काम अजून बरंच बाकी आहे आणि नुसत्या वजनावर विसंबण्यात धोका आहे. कसा, ते पुढे उदाहरणात दिसेल.

पवईच्या आयआयटीत सैफ ही उपकरण-सुविधा बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन चालवते, आणि प्रोटिओमिक्ससाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीची स्वतंत्र सुविधाही तिथे आहे. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर इतर संस्थांची यंत्रंही शोधता येतात. नमुना नेऊन देऊन परत येऊ नका. यंत्र चालवणाऱ्यांशी दहा मिनिटं बसा आणि सांगा: आधी ब्लँक, मग मासे, मग सस्तन जिलेटिन, प्रत्येक नमुन्यानंतर धुण्याचा रन. जिलेटिनचे पेप्टाइड कॉलममध्ये रेंगाळतात आणि पुढच्या नमुन्यात उगवतात. डुकराच्या जिलेटिननंतर लगेच मासा चालवला तर भेसळीचा खोटा आरोप होऊ शकतो. आणि कच्च्या फाइली मागून घ्या, नुसता पीडीएफ अहवाल घेऊन काही करता येत नाही.

डेटाबेस आणि सर्च

इथे घाई करू नका. प्रयोगशाळेत दोन दिवस गेले असतील तर इथे चार घालवा.

युनिप्रॉट आणि एनसीबीआय या सार्वजनिक संग्रहांवरून कोलॅजेनचे क्रम उतरवा. तिलापिया, जिताडा, रोहू, बासा म्हणून विकला जाणारा पंगॅसियस आणि झेब्राफिश यांचे जीनोम उपलब्ध आहेत. प्रत्येकाचे तिन्ही पेड घ्या. सोबत गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी, कोंबडी आणि माणूस. वर नेहमीच्या दूषकांची यादी: केराटीन, ट्रिप्सिन, अल्ब्युमिन. क्रम डोळ्यांनी तपासा. कोलॅजेनच्या जनुकात पन्नासच्या आसपास एक्झॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) असतात, पुष्कळसे ५४ बेसचे आणि एकमेकांसारखे, त्यामुळे संगणकाने आपोआप जुळवलेल्या क्रमात तुकडे गळालेले किंवा दोनदा आलेले असतात. ग्लायसीनचा दर-तिसरा नियम जिथे मोडतो तिथे थांबून बघा.

फक्त कोलॅजेनचा छोटा डेटाबेस करायचा मोह होतो. पहिल्या सर्चला तो देऊ नका. सॉफ्टवेअरला दुसरा पर्यायच नसेल तर ते प्रत्येक स्पेक्ट्रम ओढूनताणून कोलॅजेनला चिकटवेल, आणि चुकीच्या ओळखींचं प्रमाण मोजणारा हिशोबही लंगडा पडेल. एखाद्या माशाचा संपूर्ण प्रोटिओम, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रथिनांचे क्रम, त्यात घाला.

आता सेटिंग. मॅक्सक्वांट, फ्रॅगपाइप, मॅस्कॉट, काहीही वापरा. नेहमीच्या सेटिंगमध्ये ऑक्सिडेशन फक्त मिथिओनीनवर असतं. त्यात प्रोलीन आणि लायसीनवरचं १५.९९४९ जोडा. हे न केल्यास हायड्रॉक्सिप्रोलीन असलेला प्रत्येक पेप्टाइड, म्हणजे कोलॅजेनचे बहुतेक सगळेच, नाकारले जातात आणि अहवालात "कोलॅजेन: अत्यल्प" असं येतं. शंभर टक्के कातडी असूनही! दुसरं, एका पेप्टाइडवर किती बदल चालतील ही मर्यादा बघा. मॅक्सक्वांटमध्ये ती मुळात ५ असते आणि कोलॅजेनच्या लांब पेप्टाइडवर त्याहून जास्त ऑक्सिजन असू शकतात. तिसरं, अस्पॅराजीन आणि ग्लुटामीनचं डीॲमिडेशन, ०.९८४०. चुन्यात मुरवलेल्या, म्हणजे टाइप बी जिलेटिनमध्ये हे फार असतं, आम्लाने काढलेल्या टाइप एमध्ये कमी. चुकलेले छेद, म्हणजे ट्रिप्सिनने कापायच्या राहिलेल्या जागा, दोनपर्यंत चालू द्या. हायड्रॉक्सिलायसीनवर साखरेचे घटक चढलेले असले की ट्रिप्सिन तिथे अडतं. त्या साखरेचे बदल पहिल्याच सर्चमध्ये घालू नका, शोधायच्या शक्यता बेसुमार वाढतात.

एक पेप्टाइड हाताने वाचू

सॉफ्टवेअर जे करतं ते एकदा कागदावर करा. गाईच्या अल्फा-२ पेडातला हा प्रसिद्ध पेप्टाइड घ्या, त्रिकुटांत मांडलेला (हायप म्हणजे हायड्रॉक्सिप्रोलीन):

ग्लाय-आयल-हायप, ग्लाय-ग्लू-फेन, ग्लाय-ल्यू-हायप, ग्लाय-प्रो-अला, ग्लाय-अला-आर्ज

पाच ग्लायसीन, प्रत्येकी ५७.०२१५. आयसोल्यूसीन आणि ल्यूसीन ११३.०८४१ प्रत्येकी. प्रोलीन तीन (दोन्ही हायप धरून, त्यांचे ऑक्सिजन नंतर), ९७.०५२८. ग्लुटामिक १२९.०४२६, फेनिलॲलानीन १४७.०६८४, अलानीन दोन ७१.०३७१, आर्जिनीन १५६.१०११. बेरीज १३७६.७२००. हायड्रॉक्सिप्रोलीनचे दोन ऑक्सिजन ३१.९८९८, पाणी १८.०१०६, प्रोटॉन १.००७३. एकूण १४२७.७३. मॅल्डीवर गाईच्या जिलेटिनमध्ये हा पीक, म्हणजे आलेखातला सुळका, दिसतो.

बघा, दोन्ही हायड्रॉक्सिप्रोलीन त्रिकुटाच्या शेवटच्या जागी आहेत, आणि क्षच्या जागचं प्रोलीन तसंच आहे. तुमच्या अहवालात सॉफ्टवेअरने ऑक्सिजन क्षच्या प्रोलीनवर बसवला असेल तर तो स्पेक्ट्रम पुन्हा उघडा. असं क्वचित खरंच असतं, पण बहुधा ऑक्सिजनची जागा चुकलेली असते.

डुकरात याच जागी शेवटच्या त्रिकुटातलं अलानीन जाऊन प्रोलीन येतं. फरक २६.०१५७, म्हणून पीक १४५३.७४ला. एका घटकाने दोन प्राणी वेगळे झाले. पण लगेच "१४२७ म्हणजे गाय" असं लिहू नका: मेंढीतही १४२७च आहे. आणि १४५३ माणसातही आहे.

आता नवख्याला चकवणारी गोष्ट. समजा तुम्हाला १४४३.७२ला पीक मिळाला, गाईच्या पेप्टाइडपेक्षा १५.९९४९ने जड. तिसऱ्या प्रोलीनवर ऑक्सिजन चढला, असं म्हणता येईल. पण एका अलानीनऐवजी सेरीन असेल तरी फरक नेमका तेवढाच येतो, कारण सेरीन म्हणजे अलानीन अधिक एक ऑक्सिजन. फेनिलॲलानीनच्या जागी टायरोसीन आलं तरी तेच. अणूच तेवढेच असल्याने कितीही महागडं यंत्र नुसत्या वजनावरून यांत भेद करू शकत नाही. एक शक्यता त्याच प्राण्याची आहे, बाकीच्या दोन वेगळ्या प्राण्याच्या! निवाडा तुकड्यांवरून होतो. शेवटून मोजायचं, शेवटचा एक घटक असलेला तुकडा वाय-१, शेवटचे दोन असलेला वाय-२: आर्जिनीनचा वाय-१ १७५.११९. पुढे अलानीन असेल तर वाय-२ २४६.१५६, सेरीन असेल तर २६२.१५१, डुकरासारखं प्रोलीन असेल तर २७२.१७२. असं एकेक घर पुढे जात ऑक्सिजन कुठे बसलाय ते गाठायचं. माशांत प्रजातींमधले फरक पुष्कळ असल्याने ही पडताळणी सारखी लागते.

दुसरा चकवा हायड्रॉक्सिप्रोलीन आणि ल्यूसीनचा. ११३.०४७७ आणि ११३.०८४१. फरक ०.०३६४ डाल्टन, म्हणजे १४२७च्या पेप्टाइडवर सुमारे २५ पीपीएम (दशलक्षात २५ भाग). ऑर्बिट्रॅपवर ५ पीपीएमच्या आत काम करत असाल तर हे सुटतं, ढिल्या कॅलिब्रेशनच्या टॉफवर सुटत नाही. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन मात्र एकाच वजनाचे, त्यांच्या जोरावर प्रजाती ठरवू नका.

अल्फा-१मधला ११०५.५७चा पेप्टाइड गाय, डुक्कर, माणूस या सगळ्यांत आहे. तो कोलॅजेन असल्याचं सांगतो, कोणाचं ते सांगत नाही. त्यात एक ग्लुटामीन आहे, त्यामुळे चुन्याच्या जिलेटिनमध्ये तो अंशतः ११०६.५६ला सरकतो आणि समस्थानिकांचा नेहमीचा उतरता जिना बिघडलेला दिसतो. तो बिघाड यंत्राचा नव्हे, जिलेटिन कसं बनलं त्याचा आहे.

निकाल लिहिण्याआधी

ब्लँक उघडा. केराटीन थोडं असेलच, ते आपल्याच त्वचेचं आणि केसांचं. ८४२.५१ आणि २२११.१०ला पीक असतील तर ते ट्रिप्सिनने स्वतःलाच कापल्याचे. बाजारातलं ट्रिप्सिन पुष्कळदा डुकराचं असतं, म्हणून यादीत "सस स्क्रोफा" हे नाव येतं आणि माशाच्या जिलेटिनमध्ये डुक्कर सापडल्याची घबराट होते. प्रथिनाचं नाव वाचा. ट्रिप्सिन म्हणजे तुम्ही घातलेलं एन्झाइम, कोलॅजेन नव्हे. पीकांच्या रांगेत ४४.०३चं सारखं अंतर दिसलं तर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, डिटर्जंटमधून किंवा प्लॅस्टिकमधून आलेलं.

मग प्रत्येक महत्त्वाचा पेप्टाइड ब्लास्टवर, म्हणजे एनसीबीआयच्या क्रम-शोधकावर, टाका. तुमच्या डेटाबेसमध्ये तो एकट्या तिलापियात असेल, पण जगातल्या इतर माशांतही असू शकतो. डेटाबेसमध्ये जो मासा आहे तोच सॉफ्टवेअरला सापडतो. घोळीचा क्रम घातलाच नाही तर घोळीची कातडी जिताड्याच्या किंवा तिलापियाच्या नावाने परत येईल, आणि गुणही चांगले दिसतील. म्हणून संदर्भ म्हणून स्वतः गोळा केलेल्या कातड्यांचे रन इतके मोलाचे. ज्या माशाचा क्रम कुठेच नाही त्यासाठी डी नोव्हो वाचनाचा, म्हणजे डेटाबेसशिवाय स्पेक्ट्रमवरूनच क्रम वाचायचा, रस्ता आहे, पण तो पहिल्या प्रकल्पात धरू नका.

माशाचं कोलॅजेन म्हणायला किमान दोन स्वतंत्र पेप्टाइड असावेत, शक्यतो वेगवेगळ्या पेडांवरचे, सस्तन प्राण्यांत नसलेले, दोन्हींचे तुकडे हाताने तपासलेले, आणि नमुना पुन्हा कापून केलेल्या दुसऱ्या रनमध्येही आलेले. किती टक्के क्रम झाकला गेला ते मोजताना टोकांचे प्रोपेप्टाइड वगळा. ते कातडीतल्या तयार कोलॅजेनमध्ये नसतातच, त्यांना धरून मोजलं तर आकडा उगाच कमी दिसतो.

अहवालातलं वाक्य पुराव्याएवढंच असू द्या. "नमुन्यात हाडयुक्त माशांच्या टाइप १ कोलॅजेनच्या अल्फा-१, अल्फा-२ आणि अल्फा-३ पेडांचे पेप्टाइड मिळाले, तपासलेल्या सस्तन प्राण्यांचे विशिष्ट पेप्टाइड या पद्धतीच्या शोधमर्यादेत आढळले नाहीत, प्रजाती निश्चित करता आली नाही." हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. जेली गोळी खाऊ की नको हे ठरवणाऱ्या माणसाच्या श्रद्धेचा आणि कोणाच्या तरी धंद्याच्या अब्रूचा प्रश्न त्या ओळीवर अवलंबून असू शकतो, तेव्हा "डुक्कर नाही" असं कोरडं लिहिण्याआधी डुकराचं जिलेटिन माशाच्या जिलेटिनमध्ये मुद्दाम १०, ५ आणि १ टक्का मिसळून बघा, तुमच्या हाताला आणि त्या यंत्राला किती कमी सापडतं ते मोजा, आणि तो आकडा त्याच ओळीत लिहा. कच्च्या फाइली, वापरलेला डेटाबेस आणि सर्चची सेटिंग प्राइडसारख्या सार्वजनिक संग्रहात ठेवा. उद्या सुरमई-घोळीचे चांगले क्रम आले की तुमचाच जुना रन नव्याने शोधता येईल.